लाँग वीकेंड सोडा, मधला बुधवार धरा

जानेवारी उजाडला की एक तक्ता सगळ्या ग्रुपांवर फिरायला लागतो. अमुक शुक्रवारी सुट्टी आहे, तमुक सोमवारी एक रजा टाका, चार दिवस मोकळे मिळवा. बघायला छान वाटतो. पण ठाणे-नवी मुंबईत नोकरी करणाऱ्याने आपल्या किरकोळ रजा या तक्त्याबरहुकूम खर्च करू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

कारणं रोजच्या बघण्यातली आहेत. तो तक्ता तुमच्या टीममधल्या प्रत्येकाकडे आलेला असतो. सहा जणांच्या टीममध्ये एकाच सोमवारसाठी चार अर्ज पडतात. साहेब कोणालाच नाही म्हणत नाहीत आणि हो पण म्हणत नाहीत, अर्ज गुरुवार दुपारपर्यंत तसाच पडून राहतो. तोवर गाडीचं तिकीट गेलेलं, खोल्यांचे दर चढलेले. रजा मिळालीच तर शुक्रवारी सकाळी एक्सप्रेसवेवर खंडाळ्याच्या घाटात गाड्यांची रांग, घोडबंदरला गायमुखाच्या अलीकडे रांग, आणि सोमवारी रात्री परतताना पुन्हा तेच. रविवारी लोकलने जायचं म्हटलं तर मेगाब्लॉक. चारातले दोन दिवस रस्त्यात जातात आणि माणूस मंगळवारी जास्त दमून कामावर येतो.

बुधवारी यातलं काही नसतं. टीममधले बाकीचे जागेवर असतात, म्हणून रजा मंजूर करताना कोणाला विचार करावा लागत नाही. अकरानंतर ठाण्याच्या नऊ-दहा नंबरवर पनवेल गाडीला बसायला जागा मिळते. आणि आठवड्याचे दोन-दोन दिवसांचे दोन तुकडे होतात, ज्याचा फरक शुक्रवारी संध्याकाळी स्वच्छ जाणवतो.

आता हिशेब. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ चा आहे. त्याच्या कक्षेत येणाऱ्या आस्थापनेत कामगाराला वर्षाला आठ दिवस पगारी किरकोळ रजा मिळते. ती तिमाहीप्रमाणे खात्यात जमा होते आणि वर्षअखेर वापरली नाही तर बुडते. वर्षात २४० दिवस काम भरलं की पुढच्या वर्षी दर वीस दिवसांमागे एक दिवस अर्जित रजा, ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि वर्ष सुरू होण्याआधी ठरवलेल्या आणखी चार, अशा आठ सणाच्या सुट्ट्या वेगळ्या. व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या पदावर असाल तर हा कायदा तुम्हाला लागू नाही, तिथे नेमणूकपत्र आणि कंपनीचं रजा धोरण बघायचं. कोकण भवन किंवा कलेक्टर ऑफिसमधल्या राज्य सरकारी मंडळींनाही किरकोळ रजा आठच. त्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे खरा, पण बदल्यात वेळ पावणेदहा ते सव्वासहा झाली, तेव्हा मधल्या मोकळ्या दिवसाची गरज त्यांनाही तेवढीच.

म्हणजे हातात आठ बुधवार आहेत. ते कोणते, हे कामावर ठरतं. अकाउंट्सवाल्यांचं उदाहरण घेतो, कारण त्यांना रजा मिळत नाही ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. ७ तारखेला टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरण), १५ ला पीएफ आणि ईएसआयसी, २० ला जीएसटीआर-३बी (कर भरण्याचं विवरण), महिनाअखेर प्रोफेशनल टॅक्स आणि पगार. या सगळ्यातून मोकळी राहते ती २२ ते २८ ची पट्टी. तिच्यात कोणत्याही महिन्यात एकच बुधवार येतो, महिन्याचा चौथा. तो आपला. आता मार्च वगळा, कारण वर्षअखेर. जानेवारी, जुलै, ऑक्टोबर वगळा, कारण त्या महिन्यांच्या शेवटी तिमाही टीडीएस रिटर्नची घाई असते. मे महिन्यातही ३१ तारखेचं रिटर्न असतं, पण तिथे महिन्याभराचा अवकाश जास्त मिळतो. उरले फेब्रुवारी, एप्रिल, मे, जून, ऑगस्ट, सप्टेंबर, नोव्हेंबर, डिसेंबर. बरोब्बर आठ, आणि तिमाहीला दोन रजा जमा होतात त्या हिशेबातही बसतात. ऐरोली-महापेच्या आयटीवाल्यांनी हेच गणित आपल्या सॉफ्टवेअर रिलीजच्या तारखांवर मांडावं. आठही तारखा एकदम एका मेलने कळवा. साहेबांना एकदाच हो म्हणायचं असतं, आणि चार महिन्यांनी येणाऱ्या बुधवाराला कोणाचा विरोध नसतो.

आजारी असल्याचं सांगून मात्र बुधवार घेऊ नका. तो दिवस मोकळा नसतोच. तलावपाळीवर फिरताना ऑफिसचं कोणी दिसेल का, हाच विचार डोक्यात राहतो.

‘रजा घेण्यापेक्षा विकू’ म्हणणाऱ्यांनीही एकदा आकडे मांडून बघावेत. हा प्रश्न अर्जित रजेचा, किरकोळ रजा तर सहसा विकताच येत नाही. एकूण पगार ६०,००० आणि त्यात बेसिक ३०,००० धरा. तुमचा एक दिवस २,००० रुपयांचा. पण रजेचे पैसे बहुतेक ठिकाणी बेसिकवर मिळतात, महागाई भत्ता असेल तर तो धरून. म्हणजे तीसने भागून १,०००. नोकरीत असताना घेतलेल्या या पैशांवर पूर्ण कर आहे. जुन्या करप्रणालीतल्या वीस टक्क्यांच्या टप्प्यात सेस धरून २०८ रुपये जातात, हातात ७९२. दोन हजारांचा दिवस आठशेला देऊन टाकायचा, तोही रोख अडचण नसताना, हे मला पटत नाही. नोकरी सोडताना किंवा निवृत्त होताना मिळणाऱ्या रजेच्या पैशांवर खासगी नोकरदाराला २५ लाखांपर्यंत करमाफी आहे, ती वेगळी गोष्ट. साठवायचंच असेल तर त्यासाठी साठवा.

रजा मंजूर झाली तरी ती बहुतेकांची वाया जाते ती फोनमुळे. आणि फोन येतात ते आपण काम नीट सोपवलेलं नसतं म्हणून. आदल्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला शेजारच्याला ‘जरा बघून घे रे’ म्हणणं याला सोपवणं म्हणत नाहीत. एक दिवसाची रजा असेल तर आदल्या दिवशी दुपारी, चार-पाच दिवसांची असेल तर तीन दिवस आधी, एक पान लिहा. प्रत्येक कामापुढे चारच गोष्टी: कुठवर आलंय, पुढची तारीख कोणती, फाइल कुठल्या फोल्डरात आहे, अडलं तर कोणाला विचारायचं. ज्या कामाला या काळात हात लावायचाच नाही तेही लिहा, नाहीतर कोणीतरी चांगुलपणाने ते उरकून ठेवतो आणि आल्यावर निस्तरावं लागतं.

दोन गोष्टी हमखास राहतात. पहिली, सिस्टीममधली मंजुरी. बिल पास करणारे तुम्ही असाल तर ते अधिकार त्या दिवसापुरते दुसऱ्याच्या नावावर रीतसर वळवून घ्या. पासवर्ड सांगून जाणं हा उपाय नाही. त्या दिवशी काही चुकलं तर नोंद तुमच्याच नावाची निघते. दुसरी, किल्ल्या आणि डोंगल. डिजिटल सहीचा डोंगल ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरची किल्ली तुमच्या बॅगेत आणि तुम्ही येऊरच्या जंगलात, हे झालं की अर्ध्या वाटेतून परत फिरावं लागतं.

आपोआप जाणाऱ्या उत्तरात ‘मला मेल कमी बघता येतील’ असं लिहू नका. समोरचा त्याचा अर्थ थोडंफार बघणार असा घेतो आणि फोन लावतो. असं लिहा: ‘मी २५ तारखेला रजेवर आहे आणि २६ ला सकाळी साडेअकरानंतर उत्तर देईन. बिलांसाठी अमुक, डिस्पॅचसाठी तमुक यांच्याशी बोला.’ साडेअकरा मुद्दाम, कारण परत आल्यावर पहिला दीड-दोन तास साचलेलं वाचायला लागतो. त्या वेळात मीटिंगही लावू देऊ नका.

आणि ‘काही लागलं तर फोन करा’ हे वाक्य तर तोंडातून काढूच नका. जबाबदारीच्या जागेवर असाल तर उलट सांगा: मी साडेबाराला दहा मिनिटं फोन करतो. सकाळचे गुंते तोवर वर आलेले असतात आणि ते सोडवायला त्यांच्या हातात अर्धा दिवस असतो. त्यातले निम्मे तर तुमच्या फोनआधीच सुटलेले असतात. वेळ तुम्ही ठरवलेली असली की उरलेला दिवस तुमचा.

आता त्या दिवशी करायचं काय? पहिलं, घरची सरकारी कामं त्यात कोंबायची नाहीत. बँक पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी उघडी असते, तिथली कामं तेव्हा करा. वागळे इस्टेटला पासपोर्टची अपॉइंटमेंट असेल किंवा आधार दुरुस्त करायचं असेल तर सकाळची अर्धी रजा टाका. ही कामं ‘तासाभरात होतील’ म्हणून पूर्ण रजेच्या दिवशी धरली की रांगेत दुपार होते आणि उरलेला दिवस जेवून झोपण्यात जातो.

नोव्हेंबर ते मे या काळात ऐरोलीचं खाडीकेंद्र, जिथून फ्लेमिंगो बघायची बोट निघते. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला, आणि आपल्यातले कितीतरी जण रोज ऐरोली पुलावरून त्याच्या डोक्यावरून जातात. बोट भरतीच्या पाण्यावर निघते, त्यामुळे तिची वेळ रोज बदलते. इथेच लोक फसतात. भरतीची वेळ काढायची कोळ्यांची रीत सोपी आहे: तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तितक्या वाजता भरती. द्वितीयेला दीड, चतुर्थीला तीन, पंचमीला पावणेचार. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ती भर दुपारी बाराच्या सुमारास येते. अष्टमीला सहा, म्हणजे बोटीच्या कामाची नाही. हा अंदाज झाला. नक्की वेळ केंद्रातूनच घ्यायची आणि जागा आधी राखायची. पण आपला बुधवार अष्टमी-नवमीला येतोय की चतुर्थीच्या आत, हे कालनिर्णय बघून घरबसल्या कळतं. पाणी चढताना चिखलाच्या उरलेल्या पट्ट्यांवर पक्षी गोळा होतात, त्या वेळी बोट खाडीत असावी. केंद्र सोमवारी बंद असतं, म्हणून लाँग वीकेंडवाल्यांचा सोमवार इथेही फुकट जातो.

दुसरी वाट उरणची. जानेवारी २०२४ पासून नेरूळ किंवा बेलापूरहून थेट उरणपर्यंत लोकल आहे. उरणहून रिक्षाने करंजाचा धक्का, तिथून लाँचने रेवस, पुढे अलिबाग. घाट नाही, टोल नाही. परतीची शेवटची लाँच कितीला आहे हे धक्क्यावर उतरल्या उतरल्या विचारा. पावसाळ्यात मात्र हा बेत नको. खारघरच्या पांडवकड्याचा तर मुळीच नको; तिथे दरवर्षी बंदी लागते आणि ती लागावी इतक्या माणसांचे जीव तिथे गेलेले आहेत.

लांब जायचं नसेल तर १८९३ पासूनचं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. नाटक मात्र बुधवारी शोधू नका. गडकरी रंगायतन असो की वाशीचं भावे नाट्यगृह, चांगले प्रयोग शुक्रवार ते रविवारच लागतात.

गावाची गोष्ट वेगळी. गणपतीला किंवा शिमग्याला कोकणात जाणाऱ्याला बुधवार पुरत नाही, तिथे अर्जित रजाच हवी. रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. २०२६ ची चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. शुक्रवारी ११ ला निघायचं तर तिकीट १३ जुलैला सकाळी आठला उघडणार, आणि २० ला परतायचं तर २२ जुलैला. म्हणजे रजा जूनअखेर मंजूर होऊन हातात पाहिजे. तिकीट काढून रजेसाठी भांडणारे दरवर्षी दिसतात. अर्ज लेखी करा, किमान पंधरा दिवस आधी. तसा अर्ज करूनही देय रजा नाकारली गेली, तर २०१७ च्या कायद्याप्रमाणे ४५ दिवसांवरच्या रजेचे पैसे मागण्याचा हक्क राहतो; तोंडी विचारलेलं असेल तर दाखवायला हातात काही नसतं. तत्काळच्या भरवशावर राहायचं असेल तर जुलै २०२५ पासून आधार जोडणी लागते, ती आदल्या रात्री नाही, आत्ता करून ठेवा.

डिसेंबरचं शेवटचं सांगतो. बुडणारी रजा संपवायला त्या महिन्यात सगळेच धावतात आणि निम्म्यांची नाकारली जाते. शिल्लक ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बघा. दोनपेक्षा जास्त उरल्या असतील तर जादाच्या दिवाळीनंतरच्या आठवड्यांत वाटून टाका आणि तारखा त्याच दिवशी मेलने पाठवा.