‘वयाला शोभेल असं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

जे. आर. वॉर्ड यांच्या ‘लव्हर अवेकन्ड’ या रक्तपिपासू व्हॅम्पायरांच्या प्रेमकादंबरीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “ताई, नायक अर्धं पुस्तक नायिकेवर खेकसतो, आणि त्याचा भूतकाळ भयंकर म्हणून आपण ते माफ करायचं? रक्त पिणं हा तर नुसता मसाला. वयाला शोभेल असं काही वाचा. आणि पहिलं पुस्तक २००६ चं नाही.”

शेवटचं आधी. ‘ब्लॅक डॅगर ब्रदरहुड’ मालिकेतलं पहिलं पुस्तक २००५ चं. २००६ चं हे तिसरं. चूक माझी. दुरुस्ती केली आहे, आभार.

आता वय. आत्याची डोंबिवलीत लायब्ररी होती. चौदाव्या वर्षी, सुट्टीत, मी तिथे रजिस्टर लिहायला बसायचे. बायका मिल्स अँड बूनच्या प्रेमकादंबऱ्या नेताना वर एखादं मासिक ठेवायच्या. धारपांची भयकथा मात्र पुरुष खुशाल काखेत मारून न्यायचे. त्यांचं वय कुणी काढलं नाही. एकदा मीच एक मिल्स अँड बून वाचताना सापडले, तेव्हा एका काकांनी हेच वाक्य ऐकवलं होतं, “वयाला शोभेल असं वाच.” म्हणजे चौदाव्या वर्षी मी लहान होते आणि बावन्नाव्या वर्षी थोराड झाले. मधे योग्य वय केव्हा येऊन गेलं, कळलंच नाही. बहुधा मुलांच्या परीक्षा चालू होत्या.

तुमचा सूर त्या काकांचाच आहे. फक्त ते समोर उभं राहून बोलले होते.

मसाल्याचं म्हणाल, तर नायक झॅडिस्ट शंभरेक वर्षं एका मालकिणीचा रक्तगुलाम होता, तिला रक्त पाजण्यासाठी कोठडीत डांबलेला. मनगटांवर आणि गळ्याभोवती त्या गुलामीचे पट्टे गोंदलेले. या मालिकेतल्या व्हॅम्पायर पुरुषाला तगायला स्वजातीतल्या बाईचं रक्त लागतं, माणसाच्या रक्तात तेवढा कस नसतो. तरी हा सुटल्यावर माणसांच्याच रक्तावर भागवतो आणि खंगत जातो, कारण स्वजातीतली बाई जवळ आली की त्याला ती कोठडी आठवते. नायिका बेलाही शत्रूच्या कैदेतून नुकती सुटलेली. अशा बाईचं रक्त तो पहिल्यांदा घेतो, तो प्रसंग तुम्हाला मसाला वाटला? मसाला काढला तरी भाजी उरते. इथलं रक्त काढलं तर पुस्तकच उरत नाही.

खेकसण्याबद्दल एवढंच, की बेला गप्प बसणारी नाही, आणि या प्रकारच्या कादंबऱ्यांत असे नायक असतातच. त्यावर लांबण लावत नाही.

पुढचा लेख चौथ्या पुस्तकावर आहे. यायचं तर जरूर या. ‘ताई’ मात्र नको.