एक कुणगा आणि माझी कंबर

चूक माझीच होती. गणपतीत गावी गेलो, एकवीस पानांच्या पंगतीत बसून नऊ मोदक हाणले आणि त्या तुपाच्या धुंदीत पडवीतून समोरची हिरवीगार भाताची शेतं बघत म्हणालो, "काकानू, यंदा कापणीला मी येणार."

मोदक पचले की अशी वाक्यंही पचतात, असा माझा समज. पण विसर्जनाच्या दिवशी काकांनी गाऱ्हाणं घातलं. शेताभाताचं, गुराढोरांचं, लग्न न ठरलेल्या पुतण्याचं असं सगळं देवाच्या कानावर घालून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघत आवाज चढवला, "आणि बा देवा म्हाराजा, ह्यो मुंबैकार कापणेक येतलो म्हणता, तेका ती बुद्धी तवसर टिकांदे रे म्हाराजा!" पन्नास माणसं एकदम ओरडली, "व्हय म्हाराजा!" बँकेचं कर्ज एक वेळ बुडवता येतं. हे नाही.

ऑक्टोबर उजाडला तसा मी पावसावर आशा लावून बसलो. पाऊस थांबलाच नाही तर कापणी कसली? हवामान खात्यानेही 2020 साली तारखा बदलल्या आहेत. मुंबईतून मान्सून परतायचा सरासरी दिवस आधी 29 सप्टेंबर होता, तो आता 8 ऑक्टोबर झाला आहे. मी फोनवर हे सगळं काकांना सांगितलं. ते म्हणाले, "तां तुमच्या मुंबैचा. हयसर दहा तारखेनंतर चित्रा लागता. पडतील चित्रा तर भात खाईना कुत्रा. त्याच्या आधी ये." चित्रा नक्षत्रातल्या पावसाने भिजलेलं भात कुत्रंसुद्धा खात नाही, हे मला माहीत होतं. ते कापायला कुत्रंसुद्धा जात नाही, हेही कोणीतरी म्हणीत घालायला हवं होतं.

तुतारी एक्सप्रेस दादरहून मध्यरात्रीनंतर पाच मिनिटांनी सुटते. त्यामुळे आदल्या दिवसाचं तिकीट काढून गाडी चुकवायची उत्तम सोय आहे. मी ती घेतली नाही, याचं आजही वाईट वाटतं. कुडाळला उतरलो तेव्हा उन्हात शेतं खरोखर सोन्याची दिसत होती. मी फोटो काढून स्टेटसला टाकला: 'मातीशी नातं.' ऑफिसातल्या एकोणतीस जणांनी बदाम पाठवले.

ते नातं दुसऱ्या दिवशी सकाळी आठला जुळलं.

मी अर्धी चड्डी आणि बिनबाह्यांचा बनियन असा निसर्गाच्या जवळ जाणारा पोशाख केला होता. काकीने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि काही न बोलता काकांचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट आणून दिला. मी नको म्हणालो. तासाभरात कारण कळलं. भाताच्या पात्याला बारीक करवतीसारखी धार असते, त्यावर घाम, आणि घामावर कुसं. एखाद्या माणसाला सर्व बाजूंनी एकाच वेळी खाज सुटू शकते, हे शाळेत शिकवायला हवं.

काकांनी माझ्या हातात दातेरी वैभव विळा दिला. कुणग्यात, म्हणजे भाताच्या वाफ्यात, आम्ही चौघं आपापली पात, म्हणजे कापायचा पट्टा, धरून उभे राहिलो: काका, काकी, शेजारची म्हातारी आये आणि मी. डाव्या मुठीत भाताचे चार-पाच चूड, म्हणजे झुबके, धरायचे, विळा मुळाशी लावून आपल्याकडे ओढायचा, मूठ भरली की बाजूला पसरायची, लोंब्या एका अंगाला. बस्स, एवढंच. व्हिडिओत तर याला गाणंही लावतात.

दहा मिनिटांनी काकांचा आवाज आला, "मेल्या, भात कापतंस काय भादरतंस? खाली वाक! लोंब्यो वर आसत, पण गवत खाली ऱ्हवला. गोरवांनी काय तुझा तोंड बघूचा?"

मी मागे बघितलं. आयेच्या पातीत जमीन लख्ख दिसत होती. माझ्या पातीत गुडघ्याएवढे सड उभे होते, एखाद्याने केशकर्तन अर्ध्यात सोडून पळ काढावा तसे. शिवाय खोडकिडीच्या अळ्या त्या सडांतच मुक्काम ठोकतात, म्हणून जमिनीसरसं कापायचं असतं. म्हणजे मी गुरांची उपासमार आणि किडीची राहायची सोय एकाच विळ्याने केली होती.

मग मी वाकलो. वाकणं जमतं. अवघड असतं ते नंतर सरळ होणं. साडेनऊला आये माझ्या पुढे निघून गेली, दहाला वळून परत माझ्याकडेच कापत आली. तिची सत्तरी कधीच उलटलेली. माझ्याजवळ आल्यावर थांबली, माझी पाठ बघितली आणि काकीला म्हणाली, "ह्येका मणको आसा मा गो?"

ऑक्टोबरचं ऊन ही वेगळीच चीज आहे. ढग गेलेले असतात, पण जमिनीत अजून चार महिन्यांचा पाऊस मुरलेला. वरून भाजतं आणि खालून वाफ येते. मोदक कसा शिजतो, ते मला त्या कुणग्यात कळलं. गणपतीत खाल्लेल्या नऊच्या नऊ मोदकांची मी मनातल्या मनात क्षमा मागितली.

पण साडेदहाला पेज आली. उकड्या तांदळाची, कोमट, जाडसर. सोबत खारातला आंबा आणि चुलीत भाजलेला सुका बांगडा. काजूच्या सावलीत मेरेवर, म्हणजे बांधावर, बसलो. पहिला घोट पोटात उतरताना कुठून कुठे गेला, ते सांगता येईल इतकी भूक होती. आंब्याची कोय चोखत असताना शेजारच्या व्हाळावरून, म्हणजे ओढ्यावरून, वारा आला, कापलेल्या भाताचा कच्चा गोडसर वास आला, आणि मी क्षणभर मुंबईची नोकरी सोडायचं ठरवलं. काकीने तवसं, म्हणजे गावठी काकडी, कापून हातावर ठेवलं. ते संपेपर्यंत मी राजीनाम्याचा मसुदाही तयार केला होता.

"उठा," काका म्हणाले. राजीनामा रद्द झाला.

दुपारी तीनला सह्याद्रीच्या बाजूने आभाळ काळं झालं. तोवर संथ चाललेल्या त्या माणसांच्या अंगात वीज शिरली. "इलो गो, इलो!" म्हणत काकीने पदर खोचला. सुकायला पसरलेलं आदल्या दोन दिवसांचं भात गोळा करायचं, भारे बांधायचे, खळ्याच्या मांगरात, म्हणजे झोपडीत, नेऊन टाकायचे. भिजलं तर दाण्याला मोड यायला वेळ लागत नाही. मी चुंबळ डोक्यावर ठेवली आणि काकांनी तिच्यावर भारा चढवला. त्यानंतरचं मला फार दिसलं नाही, कारण लोंब्या डोळ्यांसमोर लोंबत होत्या. पाऊस मात्र ऐकू आला. मेर निसरडी होती आणि मी भाऱ्यासकट खालच्या कुणग्यात उतरलो, पायवाटेचा काहीही उपयोग न करता.

काका धावत आले. माझी विचारपूस भारा उचलून झाल्यावर केली.

पुढचे दोन दिवस झोडणी. पेंढी दगडावर आपटायची, दाणे उडतात, धूळ नाकात जाते; त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखा आहे तो हिशेब. काकांनी माझ्या पातीचं भात मुद्दाम वेगळं झोडलं, वाऱ्यावर धरून पोल, म्हणजे पोकळ दाणे, उडवला आणि पायलीने मापलं. अडीच पायल्या भरल्या, तेही तिसरी पायली काकीने बोटांनी सैल भरली म्हणून अर्धी तरी दिसली. टरफल जाऊन तांदूळ राहतो साधारण दोन तृतीयांश. त्यातून माझं जाण्यायेण्याचं तिकीट, चार दिवसांची रजा, कंबरेचं मलम आणि बोट कापलं म्हणून घेतलेलं धनुर्वाताचं इंजेक्शन वजा केलं. मग मी वजाबाकी सोडून दिली.

निघताना काकांनी दहा किलो तांदळाची पिशवी गाडीत चढवून दिली. घरी रात्री भात झाला, दाणा न् दाणा सुटा. बायको म्हणाली, "काय सुरेख मोकळा झालाय! तू कापलेला ना?"

"हो," मी कंबरेवर हात ठेवून म्हणालो.

आईने एक शीत बोटांत चुरडून बघितलं. "नवो तांदूळ गचको होता. ह्यो गेल्या वर्षाचो. तुझो गोरवांक ठेवलो आसतलो."