बाराखडी हवीच, पण ‘अडगळ’ कशी वाचायची?

सर, अक्षरात लपलेल्या ‘अ’पाशी मुलं वाचताना अडतात, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की मराठी जशी लिहितो तशीच वाचतो. बाराखडी तोंडपाठ असली की मूल कुठलाही नवा शब्द वाचतं, तुमच्या वर्गात कधी कुणी अडलं नाही, आणि मी इंग्रजीची दुखणी मराठीच्या गळ्यात मारतो आहे.

यातलं निम्मं मला मनापासून मान्य आहे. इंग्रजीतला ‘ए’ कॅटमध्ये एक, केकमध्ये दुसरा, कारमध्ये तिसरा, बॉलमध्ये चौथाच. आपला ‘का’ कुठेही गेला तरी ‘का’च. (ॲ आणि ऑ आपण 2009 मध्ये वर्णमालेत घेतले, तेही तितकेच सरळ.) बाराखडी घोकून घ्यायला माझा विरोध कधीच नव्हता.

पण मी लिहिलं होतं ते ‘अ’बद्दल. काना-मात्रा डोळ्यांना दिसतात. ‘अ’ मात्र अक्षराच्या पोटात असतो. तो कुठे बोलायचा आणि कुठे गिळायचा, हे कागदावर नसतं. ‘गवत’मधल्या ‘व’चा अ आपण स्पष्ट बोलतो. ‘गवतात’ म्हणताना तोच गळतो, ‘गव्तात’ होतं. लिहायला मात्र ‘व’ तसाच. बाराखडी इथे काय सांगणार?

परवा दुसरीतली एक मुलगी माझ्याशेजारी बसून वाचत होती. ‘करवत’ आलं. क, र, व, त, चारही सुटी, प्रत्येकाला पुरता अ. थांबली. ओठांतल्या ओठांत ‘कर... वत’ म्हणाली आणि एकदम मान वर करून, “करवत! आजोबांकडे आहे.” खाली ‘अडगळ’ होतं. तेही तसंच सुटं वाचलं, पण ते ‘अ-ड-ग-ळ’च राहिलं. दोन्ही शब्दांत काना नाही, मात्रा नाही, जोडाक्षर नाही. करवत तिने ऐकली होती, अडगळ कधी कानावर पडली नव्हती. मी तिला माळा दाखवला, बोलता बोलता दोन-तीनदा तो शब्द वापरला. पुन्हा पुस्तकाकडे वळली तेव्हा ‘अड्गळ’ आपोआप आलं.

‘घरटं’ला कितीतरी मुलं ‘घरटम्’ म्हणतात, कारण ‘आंबा’तल्या टिंबाचा म् होतो हे ती नीट शिकलेली असतात. इथे त्याच टिंबाने अ लांबतो, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. शिकलेला नियम प्रामाणिकपणे लावल्याबद्दल त्यांना ओरडा बसतो, याचं मला फार वाईट वाटतं.

तुमच्या वर्गात कुणी अडलं नाही, कारण त्या मुलांच्या घरात करवतही होती आणि अडगळही. मेळघाटात घरी कोरकू बोलणाऱ्या मुलाचा विचार करा. बाराखडी त्यालाही येते. गळणारा ‘अ’ ओळखायला लागणारा मराठीचा कान त्याच्याकडे अजून तयार नसतो. त्याला धडा आधी दोनदा मोठ्याने वाचून दाखवा, शब्द त्याच्या तोंडात खेळू द्या, आणि मग पुस्तक हातात द्या.