‘वेबसाइट काढून द्या, व्यापारी उडवा’: टसरच्या निर्यातीवरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. विदर्भातल्या टसर, म्हणजे जंगली झाडांवर वाढणाऱ्या कोसा रेशमाच्या, उत्पादकांना परदेशी बाजार कसा गाठता येईल, या लेखावरची तुमची प्रतिक्रिया लांबलचक होती आणि तिखटही, त्यामुळे उत्तर चार ओळींत उरकणार नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जालन्याच्या बाजारात कोष टाकला की पैसे मिळतात, मग निर्यातीचं खूळ कशाला? चीनपुढे आपण टिकणार नाहीच. चाचण्या, लेबलं हे सगळे गोऱ्यांचे नखरे. कागदपत्रांची कटकट आहेच, वर पैसे बुडायची भीती. आणि गडचिरोली-भंडाऱ्याच्या कोसावाल्यांचं खरंच भलं करायचं असेल, तर त्यांना एक वेबसाइट काढून द्या आणि मधला व्यापारी उडवा.

तुतीच्या रेशमापुरतं पहिलं म्हणणं मान्य. भारत जगातला दुसऱ्या क्रमांकाचा रेशीम उत्पादक असूनही इथली गरज भागत नाही, कच्चं रेशीम चीनमधून आणावं लागतं. २०२१च्या अर्थसंकल्पात त्यावरचं आयात शुल्क १० वरून १५ टक्क्यांवर गेलं. बीड-जालन्याच्या शेतकऱ्याला मिळणारा भाव या टंचाईचा आणि या शुल्काच्या आडोशाचा आहे. तो सोडून बाहेर धावण्यात शहाणपण नाही. लॉटचा हिशेबही बघा. आंतरराष्ट्रीय व्यापारात कच्च्या रेशमाचा लॉट साधारण ६०० किलोचा धरतात. बायव्होल्टाइन (वर्षाला दोन पिढ्या होणाऱ्या जातीच्या) कोषांचा रेंडिटा साडेसहा धरला, म्हणजे किलोभर रेशमाला साडेसहा किलो कोष, तर एका लॉटला ३,९०० किलो कोष लागतात. १०० अंडीपुंजांना (एक पुंज म्हणजे एका पतंगाची अंडी) ७० किलो उतारा आला तर ही ५५-५६ बॅचची बेरीज झाली, आणि सगळा माल एका प्रतीचा हवा. त्यातल्या पाच-सहा जणांच्या शेडमध्ये अळ्या चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणायच्या जाळीवर, असताना हवा कोंडून ओल धरली, तर ते कोष नीट उलगडत नाहीत, धागा सारखा तुटतो आणि अख्ख्या लॉटची प्रत घसरते. तेव्हा तुतीचा कोष जालन्यात नाहीतर कर्नाटकातल्या रामनगरला विकावा, आमचंही हेच मत आहे.

टसरचं गणित वेगळं. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणारा आपला कोसा चीन पिकवत नाही. त्यांचं टसर ओकच्या पानांवरच्या दुसऱ्या किड्याचं. म्हणजे इथे स्पर्धा भावाची नाही. अडचण गिऱ्हाईक सापडण्याचीही नाही. एखादं शाल-स्कार्फचं परदेशी दुकान नमुना बघून हो म्हणतं आणि म्हणतं, असेच २०० पाठवा. गाडी अडते ती ‘असेच’ या शब्दावर.

या २०० स्कार्फचा हिशेब कागदावर मांडू. ७० बाय १८० सेंटिमीटरचा स्कार्फ, कापड चौरस मीटरला ९५ ग्रॅम, म्हणजे एक नग १२० ग्रॅमचा. २०० नगांना २४ किलो सूत, तूट धरून २७. किलोभर सुताला कोषाच्या प्रतीनुसार बाराशे ते दीड हजार कोष लागतात, म्हणजे ३२ ते ४० हजार कोष. एका कुटुंबाने २०० अंडीपुंज झाडांवर सोडले आणि पुंजामागे ४० कोष हाती आले तर ८,००० कोष होतात. चार-पाच ढिवर कुटुंबांचं एका हंगामाचं पीक यात गेलं. सूत काढायच्या बुनियाद मशिनवर एक बाई दिवसाला साधारण २०० ग्रॅम सूत काढते, म्हणजे पाच मशिनवर २७ दिवस. झालरीसकट ४०० मीटर कापड. मागावर दिवसाला चार मीटर धरलं तर चार मागांवर २५ दिवस. आजारपण, लग्नसराई, धानाची रोवणी हे सगळं धरून तीन महिन्यांच्या आतली तारीख कबूल करू नये.

आता यात बिघडतं कुठे ते सांगतो, कारण तुमच्या प्रतिक्रियेत हा भागच नाही.

टसरचा कोष नगावर विकला जातो, त्यामुळे जाड कवचाचा, पातळ कवचाचा आणि डागी कोष एकाच पोत्यात येतो. तो तसाच शिजवायला टाकला की पातळ कोष आधी शिजून लगदा होतो आणि जाड कोष कच्चा राहतो. म्हणून शिजवण्याआधी हाताने दाबून, कवचाप्रमाणे निदान तीन ढीग करायचे आणि प्रत्येक ढीग वेगळा शिजवायचा. जुन्या पद्धतीत सोडा आणि साबण घालून दणदणीत उकळतात. कोष मऊ पडतो खरा, पण सोड्याचं प्रमाण अंदाजपंचे असल्यामुळे एक घाणा मधासारखा निघतो, दुसरा राखाडी, आणि जास्त झाला तर सुताचा जीवच जातो. सोडा वजन करून घाला, पाणी दर वेळी त्याच विहिरीचं घ्या, घाण्याची तारीख लडीला बांधा. एवढ्यानेही निम्मा फरक कमी होतो. एन्झाइमने किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडने शिजवलं तर रंग उजळ आणि सारखा येतो, खर्च थोडा वाढतो.

मग कताई. मांडीवर वळलेल्या सुताची जाडी हाताच्या दाबावर ठरते आणि दिवसभरात शंभर ग्रॅमसुद्धा सूत निघत नाही. त्या बाईच्या मांडीची कातडी सोलवटते ते वेगळंच. ही पद्धत बंद व्हावी म्हणून केंद्रीय रेशीम मंडळाने बुनियाद मशिन आणलं. पण मशिन आलं म्हणून सूत आपोआप सारखं होत नाही. समजा सात कोषांचा मिळून एक धागा चाललाय. एक कोष संपला किंवा त्याचा तंतू तुटला आणि बाईने लगेच दुसरा जोडला नाही, तर धागा त्या क्षणापासून सातव्या हिश्श्याने, म्हणजे १४ टक्क्यांनी बारीक होतो. लडीत ते दिसत नाही. बाण्यात, म्हणजे कापडाच्या आडव्या सुतात, ते गेलं आणि कापड उजेडात धरलं की बोटभर रुंदीचे आडवे पट्टे दिसतात. परदेशी गिऱ्हाईक ज्या मालाला ‘सदोष’ म्हणून परत करतं, त्यात या पट्ट्यांचा वाटा मोठा असतो. टसरचा नैसर्गिक खडबडीतपणा त्यांना आवडतो, पट्टा आवडत नाही. हा फरक विणकराला एकदा दोन तुकडे शेजारी ठेवून दाखवला की पुरतो.

यावर मागावरचा उपाय जुनाच आहे. एकाच कांडीचं सूत सलग विणत न जाता, वेगवेगळ्या घाण्यांच्या कांड्या दोन धोट्यांत (आडवं सूत नेणाऱ्या साधनांत) भरायच्या आणि आलटून पालटून धोटा टाकायचा. जाडीतला आणि रंगातला फरक कापडभर विखुरतो, पट्टा बनत नाही. वेग थोडा कमी होतो, म्हणून मजुरी मीटरमागे वाढवून द्यावी लागते. ती वाढवली नाही तर दुसऱ्या दिवशी दुसरा धोटा खुंटीला लागलेला असतो, आणि त्यात विणकराचा दोष नाही.

ताण्याचं, म्हणजे उभ्या सुताचं, काय, हेही बघितलं पाहिजे. हातमागावर टसरचा ताणा तुटतो म्हणून ताण्याला बाहेरचं, पुष्कळदा चिनी, सूत घ्यायचा रिवाज आहे. कापड रेशमीच राहतं, लेबलवर ‘१०० टक्के रेशीम’ लिहिणंही खरं ठरतं. पण माल ‘विदर्भाचं टसर’ म्हणून विकलात आणि गिऱ्हाइकाने सुताची बिलं मागितली, तर काय दाखवणार? बाहेरचा ताणा घ्या, हरकत नाही. मात्र तसं लिहून विका.

रंगाई हा सगळ्यात धोक्याचा टप्पा. पाच किलोचं भांडं असेल तर २७ किलो सुताला सहा घाणे लागतात आणि सहा छटा येतात. शिवाय कोशात मुळातच टॅनिन असल्यामुळे टसर तुतीच्या रेशमासारखा रंग धरत नाही. फिके, स्वच्छ रंग हवे असतील तर आधी ब्लीच करावं लागतं. गडद मरून आणि काळा ओल्या घासणीच्या चाचणीत नापास होतात, बहुतेकदा रंग वाईट असतो म्हणून नाही तर शेवटची धुलाई घाईत उरकलेली असते म्हणून. आमचा स्पष्ट सल्ला असा, की पहिली ऑर्डर बिनरंगाची घ्यावी. टसरची मूळ मधाळ छटाच विकली जाते आणि तुमची निम्मी डोकेदुखी वाचते.

‘नखरे’ म्हणालात, त्याबद्दल. युरोपीय संघात ठरावीक घातक अ‍ॅरोमॅटिक अमाइन सोडणारे अ‍ॅझो रंग अंगाला लागणाऱ्या कापडात चालत नाहीत, मर्यादा किलोला ३० मिलिग्रॅम. बाजारातून बिननावाची रंगाची पुडी आणून रंगवलेला माल या चाचणीत अडकला तर त्याचं काहीही करता येत नाही. धुऊन तो रंग जात नाही. म्हणून रंग कंपनीच्या सीलबंद डब्यातला, बिलासकट आणि लॉट नंबरासकट. अमेरिकेचा नियम आणखी मजेशीर आहे. चौरस यार्डाला २.६ औंस, म्हणजे साधारण ८८ ग्रॅम प्रति चौरस मीटर, किंवा त्याहून जड असं सपाट पृष्ठभागाचं कापड ज्वलनशीलतेच्या चाचणीतून मोकळं. त्याहून हलकं रेशीम मात्र तपासावं लागतं. आपल्याकडे स्कार्फ जितका तलम तितका भारी, असं मानून ६०-७० ग्रॅमचं कापड विणतात आणि चाचणीच्या फेऱ्यात सापडतात. वरच्या हिशेबात ९५ ग्रॅम धरले ते याचसाठी. ८० ग्रॅमच्या तुलनेत सूत एकोणीस टक्के जास्त लागतं, हे दरात आधीच धरा.

आता वेबसाइट. परदेशातल्या एकेका ग्राहकाला एकेक स्कार्फ पाठवायचा धंदा पूर्वी बरा होता, कारण छोटं पार्सल करमुक्त जायचं. युरोपीय संघाने २२ युरोपर्यंतची व्हॅटची सूट जुलै २०२१ मध्ये काढली. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतची शुल्कमाफी ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस बंद केली. आता त्या एका स्कार्फवरही कर किंवा शुल्क, शिवाय परतीचा माल आला तर तुमच्या खर्चाने. एका गावातल्या दहा-पंधरा कुटुंबांनी फोटो काढायचे, इंग्रजीत उत्तरं द्यायची, परतीची पार्सलं सोडवायची, आणि कोष केव्हा शिजवायचे? छोट्या दुकानदाराची दोनशे नगांची एक ऑर्डर हजारपट सोपी.

आणि तो मधला व्यापारी. त्याला शिव्या घालण्याआधी तो काय करतो ते बघा. मुख्य हंगामाचा कोष दिवाळीच्या आगेमागे उतरतो. उत्पादकाला तेव्हाच रोख लागते, आणि ती व्यापारी देतो. कोष सरासरी चार रुपयांना पडला असं समजलं तरी वरच्या ऑर्डरसाठी सुमारे १.३ ते १.६ लाख रुपये नोव्हेंबरातच गुंतले. त्यावर कताईची आणि विणाईची मजुरी आठवड्याच्या आठवड्याला. परदेशी दुकानाचा शरद ऋतूचा माल ऑगस्टात पोचायचा, म्हणजे पैसे परत यायला नऊ-दहा महिने. व्यापारी उडवायचा तर हे पैसे गटाकडे हवेत. ते नसतील तर पहिल्याच हंगामात लोक गुपचूप त्याच्याच दारात कोष घेऊन जातात, आणि ते बरोबरच करतात. बचत गटाचं कर्ज, खेळतं भांडवल, गिऱ्हाइकाची उचल, काहीही असो, ते दसऱ्याआधी ठरलेलं हवं. झाडावरच्या पिकाच्या भरवशावर ऑर्डर घेणं तर आत्मघात. उघड्यावरचं पीक आहे. पक्षी, मुंग्या, गांधीलमाश्या, अवेळी पाऊस आणि विषाणूरोग यांचा वाटा निघाल्यावर काय उरेल ते सांगता येत नाही. कोष मोजून, वाळवून, भुंगेरे लागणार नाहीत अशा कोरड्या खोलीत पडले की मग होकार कळवायचा.

कागदपत्रांचं तुम्ही फार अवडंबर केलंय. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड नंबर, ५०० रुपयांत ऑनलाइन निघतो, पॅन आणि बँक खातं लागतं. मात्र दर वर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो अद्ययावत केला नाही तर बंद पडतो, आणि हे ऐन पार्सलाच्या वेळी कळतं. जीएसटीचं एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र, दर आर्थिक वर्षाला नवं भरायचं. छोटा माल डाकघर निर्यात केंद्रातूनही जातो. हेही झेपत नसेल तर पहिली दोन वर्षं मर्चंट एक्स्पोर्टरमार्फत (दुसऱ्याचा माल घेऊन तो निर्यात करणाऱ्यामार्फत) जावं. ठरावीक अटी पाळल्या तर त्याला ०.१ टक्का जीएसटीने माल देता येतो, फक्त तुमच्या बिलाच्या तारखेपासून ९० दिवसांत तो देशाबाहेर गेला पाहिजे. म्हणजे हाही एक मधला माणूसच. पण त्याला दर विचारता येतो, दुसऱ्याशी तुलना करता येते आणि सुताची उचल त्याच्याकडून घेतलेली नसते.

पैसे बुडण्याची भीती तुम्ही घातलीत, ती रास्त आहे. एवढ्या छोट्या ऑर्डरला एलसीचा, म्हणजे बँकेच्या पतपत्राचा, खर्च परवडत नाही. निम्मी रक्कम आगाऊ, बाकीची पॅकिंगचे फोटो पाठवल्यावर आणि पार्सल सुटण्याआधी. ‘डीडीपी’ (तिकडचं शुल्क विक्रेत्याने भरायचा) दर मागितला तर नाही म्हणायचं, कारण तिकडचं शुल्क वाढलं की ते तुमच्या गळ्यात येतं. आणि मंजूर नमुन्याचा वीतभर तुकडा दोन्हीकडे हवा, त्यावर तारीख, वजन आणि गिऱ्हाइकाची सही. तो कपाटात, उन्हापासून लांब ठेवायचा. टसरचा रंग खिडकीशी ठेवला तर सहा महिन्यांत उतरतो आणि मग भांडायला पुरावाच उरत नाही.