'ब्लू लाइन्स' आणि त्यातले पाहुणे

हल्ली कुठलाही इलेक्ट्रॉनिक अल्बम उघडा, गाण्यागणिक 'फीचरिंग' अमुक, 'फीचरिंग' तमुक. त्या शब्दाचाच कंटाळा आलाय मला. गायिका येते, चार ओळी म्हणते, निघून जाते. बीटला ती आल्या-गेल्याचा पत्ताही नसतो. असं फार झालं की मी मॅसिव्ह अटॅक या ब्रिटिश बँडचा 'ब्लू लाइन्स' लावतो. १९९१चा, त्यांचा पहिलाच अल्बम.

थ्रीडी, डॅडी जी, मशरूम. ब्रिस्टलच्या 'वाइल्ड बंच' साउंड सिस्टिममधून, म्हणजे पार्ट्यांत रेकॉर्ड वाजवणाऱ्या डीजेंच्या कंपूतून, आलेले तिघं. रॅप करणार तेही पुटपुटल्यासारखं, आणि गाण्याचा गळा म्हणावा असा एकाकडेही नाही. मग गाणार कोण? शारा नेल्सन आणि जमैकाचा हॉरेस अँडी. (रॅपर ट्रिकीही आहे, पण तो त्याच गोतावळ्यातला. त्याला पाहुणा म्हणणं जिवावर येतं.)

अँडी रेगेतलं जुनं, मुरलेलं नाव. दुसऱ्या कुणी त्याच्याकडून सरळ रेगे गाऊन घेतलं असतं. यांनी 'वन लव्ह'मध्ये त्याच्या आवाजाखाली चक्क महाविष्णू ऑर्केस्ट्रा या जॅझ-रॉक बँडचा तुकडा लूप केला! हेडफोन लावून ऐका. तो संथ तुकडा गोल गोल फिरतोय, आणि वर अँडीचा उंच, थरथरता आवाज, ओळ सोडताना हलकेच कापणारा. मधली जागा कुणी भरायलाच जात नाही. मला तर आधी आवाज आला आणि मग त्याच्या मापाने गाणं बेतलं, असंच वाटत राहतं.

'अनफिनिश्ड सिंपथी'चं तर विचारूच नका. कीबोर्डवरच्या स्ट्रिंग्ज पोकळ वाटल्या म्हणून अ‍ॅबी रोड स्टुडिओत खरा ऑर्केस्ट्रा बसवला. बजेट नव्हतं, तर त्यासाठी गाडी विकली. व्हायोलिनं चढत जातात आणि शारा मात्र जराही ओरडत नाही. गाण्याच्या श्रेयातही तिचं नाव आहे. पाहुणी कसली! (आखाती युद्धामुळे या सिंगलवर बँडचं नाव नुसतं 'मॅसिव्ह' छापलं होतं, ही वेगळीच गंमत.)

फसलंय ते एकच, 'बी थँकफुल फॉर व्हॉट यूव्ह गॉट'. जुन्या सोल गाण्याचं कव्हर, टोनी ब्रायनने गायलेलं. वाईट नाही, पण तिथे गायक खरोखरच पाहुण्यासारखा अंग चोरून बसलाय.

अँडी मात्र पुढच्या चारही स्टुडिओ अल्बमवर गायला. आणि या पहिल्या अल्बमचं शेवटचं गाणंही त्या तिघांनी त्यालाच देऊन टाकलंय.