पण दिसतं काय?

माझ्या कथेचं पहिलंच वाक्य आहे : 'त्या घरात गेली वीस वर्षं कुणी मोठ्यानं हसलं नव्हतं.' वाक्य चांगलं आहे. हे मी एकटीच म्हणत नाही, आणखीही दोघातिघांनी म्हटलंय. त्यामुळे या कथेवर शॉर्टफिल्म करायचं ठरलं तेव्हा मला वाटलं, चला, निदान सुरुवातीचा प्रश्न तरी मिटला.

दिग्दर्शकानं वाक्य वाचलं, मान डोलावली आणि विचारलं, "मॅडम, सुंदर. पण दिसतं काय?"

"अरे, घर दिसतं. त्यात कुणी हसत नाहीये."

"तसं शूट केलं तर एक माणूस नुसता बसलाय एवढंच दिसेल. तो वीस वर्षं हसला नाही, का आत्ताच गप्प झालाय, कसं कळणार?"

यावर मीच गप्प झाले. कॅमेऱ्याला 'नाही' म्हणता येत नाही, हे इतकी वर्षं कथा लिहूनही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. 'दिवाणखान्यात हत्ती नव्हता' असं कागदावर लिहा, वाचकाला हत्ती दिसतो आणि त्याचं नसणंही दिसतं. कॅमेऱ्याला फक्त दिवाणखाना दिसतो.

'रोज'चीही तीच तऱ्हा. माझा नायक रोज संध्याकाळी खिडकीशी उभा राहायचा. दिग्दर्शक म्हणाला, "मी दाखवणार ती एकच संध्याकाळ असणार. 'रोज' हवं असेल तर त्याचे तीन शर्ट बदलू." अशा रीतीनं एका माणसाचा सगळा एकटेपणा तीन शर्टांत बसवण्यात आला. त्यातला एक कमी इस्त्रीचा. तो शेवटी.

"मग ती वाक्यं निवेदनात घालू या," मी सुचवलं. त्यानं माझ्याकडे अशा मायेनं पाहिलं, की हा उपाय सुचवणारी मी पहिली लेखिका नव्हे हे मला तत्काळ कळलं.

पटकथा लिहिताना 'त्याला वाटलं', 'तिला जाणवलं', 'मनाच्या तळाशी कुठेतरी' हे सगळं गेलं. उरलं ते असं : 'इंटिरियर. घर. दिवस. तो खुर्चीत बसतो.' पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, असा हिशेब असतो. मुळात तो इंग्रजी टाइपरायटरच्या 12 पॉइंट कुरियर अक्षरावर बेतलेला. माझ्या कथेतला नायक खुर्चीत बसायलाच दीड पान घेत होता. मी म्हटलं, "ऑस्करवाले तर श्रेयनामावलीसकट 40 मिनिटांपर्यंतची फिल्म शॉर्ट धरतात. आपणच 15 मिनिटांवर का अडून बसलोय?" "कारण पैसे 12 मिनिटांचेच आहेत," असं उत्तर मिळालं.

पैशांवरून आठवलं. कथेत मी एके ठिकाणी लिहिलं होतं : 'आणि पाऊस पडला.' तीन शब्द. लिहिताना मला काही खर्च आला नव्हता. प्रॉडक्शन मॅनेजरनं मात्र त्या तीन शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि खाली यादी करायला घेतली : पाण्याचा टँकर, पाइप, फवारे, पाइप धरायला माणसं, दर टेकला नटासाठी कोरडे कपडे, टॉवेल. शिवाय पाऊस नुसता पडून भागत नाही म्हणे. मागून प्रकाश मारला नाही तर तो कॅमेऱ्यात धड दिसतच नाही, म्हणून दिवे. दिवे आणि पाणी एकत्र, म्हणून ते सांभाळायला आणखी माणसं. त्या आवाजात संवाद ऐकू येणार नाहीत, म्हणून मागाहून डबिंग.

"पडायलाच हवा का?" त्यानं विचारलं.

"ते प्रतीक आहे," मी म्हटलं.

"प्रतीक ढगाळ चालेल?"

चाललं. न चालवून सांगते कुणाला? मांजर गेलं, तीन मुलांचं एक मूल झालं, आणि रेल्वे स्टेशनच्या जागी जिना आला.

शूटिंगच्या दिवशी नायकाचं काम करणारे गृहस्थ माझ्यापाशी आले. "या शॉटमध्ये माझ्या मनात नेमकं काय चाललंय?" इतक्या दिवसांत हा प्रश्न विचारणारा पहिला माणूस! मी त्यांना बापलेकांच्या अबोल्यापासून सगळं सांगितलं. ते भारावले. तेवढ्यात दिग्दर्शक येऊन म्हणाला, "काका, काही विचार करू नका. फक्त त्या पंख्याकडे बघा." त्यांनी बघितलं. पुढे एडिटिंगमध्ये त्या चेहऱ्याला रिकाम्या खुर्चीचा शॉट जोडला आणि बघणाऱ्यांचे डोळे भरून आले. शंभरेक वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव्ह या दिग्दर्शकानं हेच केलं होतं. एका नटाचा तोच निर्विकार चेहरा आधी सुपाच्या ताटलीला जोडला, मग शवपेटीला. लोकांना एकदा त्यात भूक दिसली, एकदा दुःख. म्हणजे जे काम माझी दोन पानं करत होती, ते एका पंख्यानं केलं. पंख्याबद्दल माझ्या मनात तेव्हापासून अढी आहे.

साउंड रेकॉर्डिस्ट हा मात्र मला एकदम जवळचा माणूस वाटला. त्यानं आल्याआल्या तो पंखा बंद करवला. मग फ्रिज बंद केला, आणि स्वतःच्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवून दार लावलं. मी बघतच राहिले. "फ्रिज चालू करायला विसरलो तरी घरी जाताना किल्ली शोधीनच ना," तो म्हणाला. शेवटी त्यानं सगळ्यांना जागच्या जागी उभं केलं. खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करायची होती. तिला 'रूम टोन' म्हणतात. माझ्या कथेत शांततेचं वर्णन अडीच पानं आहे. इथे अर्धं मिनिट. त्यातही विसाव्या सेकंदाला कुणाचं तरी पोट गुरगुरलं आणि शांततेचा रिटेक घ्यावा लागला.

फिल्म बरी झाली. खरं तर चांगली झाली, पण ते मी दिग्दर्शकाला अजून सांगितलेलं नाही.

त्यानंतर लिहिलेली नवी कथा परवा एका संपादकांकडून परत आली. 'माणसं खोलीत येतात, बसतात, उठून जातात. त्यांच्या मनात काय चाललंय? नायक सारखे शर्ट का बदलतो?' असं त्यांनी विचारलंय. आणि शेवटच्या परिच्छेदाशेजारी समासात : 'इथे पाऊस पडला तर?'

मी खाली लिहून पाठवलंय, 'टँकरचं कोण बघणार?'