‘मशीनसारखे व्हा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

ट्रेडिंगच्या ग्रुपवर एक मेसेज फिरून फिरून येतो: ‘बाजारात भावनांना थारा नाही. यशस्वी ट्रेडरला काहीच वाटत नसतं. भावना मारा, नियम पाळा, नाहीतर अल्गो (आपोआप सौदे करणारा प्रोग्राम) लावा. डायरीत फक्त आकडे लिहा. मशीनसारखे व्हा.’ वाचायला कडक आहे. तपासायला घेतला की बराचसा गळून पडतो.

‘काहीच वाटत नसतं’ हे तर सरळ चूक. अँड्र्यू लो आणि दिमित्री रेपिन या संशोधकांनी १० व्यावसायिक ट्रेडर्सना चालू बाजारात सेन्सर लावले. २००२ साली त्यांचे निष्कर्ष छापून आले: भाव उसळला की मुरलेल्यांच्या अंगातही खळबळ होतेच. पुढे २०१६ मध्ये लंडनच्या ट्रेडर्सवरचा एक अभ्यास आला. नाडीला हात न लावता स्वतःचे ठोके मोजायचे, एवढीच चाचणी. ट्रेडर्स त्यात इतरांपेक्षा सरस निघाले. त्यांच्यातही ज्यांचा अंदाज जास्त अचूक, त्यांची कमाई जास्त आणि धंद्यात टिकलेली वर्षंही जास्त. म्हणजे आतलं ऐकू न येणारे नव्हे, नीट ऐकू येणारे टिकले होते.

‘भावना मारा’ याच्या बाजूचा भक्कम पुरावा मेसेजवाल्यांना बहुधा माहीत नाही, म्हणून मीच देतो. २००५ च्या एका प्रयोगात २० फेऱ्या होत्या. दर फेरीला एक डॉलर लावायचा की खिशातच ठेवायचा, ते ठरवायचं. लावला की नाणं उडवायचं. नाणं उलटं पडलं तर तो गेला, सुलटं पडलं तर अडीच डॉलर. मेंदूतल्या भावनांशी निगडित भागाला इजा झालेले रुग्ण बिनधास्त लावत राहिले आणि धडधाकट लोकांपेक्षा जास्त कमावून गेले. धडधाकट लोक एकदा हरले की हात आखडता घेत होते. पण हा खेळ मुळातच खेळणाऱ्याच्या फायद्याचा होता! मेंदूशास्त्रज्ञ अंतोनिओ दामासिओ यांच्या गटाने पत्त्यांचा दुसरा खेळ मांडला. त्यात काही गड्ड्या आधी घसघशीत देतात आणि मग त्याहून जास्त ओरबाडून नेतात. अशाच प्रकारच्या इजेचे रुग्ण त्याच गड्ड्यांतून पानं उचलत राहिले. धडधाकट लोकांच्या तळहाताला मात्र, कुठली गड्डी वाईट हे सांगता येण्याआधीच, घाम फुटायला लागला होता. उद्याचा बाजार यातला कुठला खेळ आहे, हे मेसेजवाल्यांनी आधी सांगावं.

‘नियम पाळा.’ मान्य, पण नियम मोडला जातो तो क्षण बघा. भाव स्टॉपलॉसच्या, म्हणजे तोटा थांबवायला आधीच ठरवून ठेवलेल्या भावाच्या, अगदी जवळ आलाय. जबडा आवळलेला, श्वास अडकलेला, आणि बोट आपसूक ऑर्डर बदलणाऱ्या ‘मॉडिफाय’ बटणावर. मनात अगदी शहाणं वाक्य: ‘थोडी जागा देऊ, सपोर्ट (घसरण थांबेल असा भाव) खालीच आहे.’ हे विश्लेषण वाटतं, असते तोटा पदरात घेण्याची भीती. आवळलेला जबडा ज्याला वेळीच जाणवला, त्याला निदान बोट मागे घ्यायची संधी मिळते. मशीन व्हायला निघालेला स्वतःला म्हणतो, ‘मला काही वाटत नाहीये’, आणि स्टॉपलॉस सरकवतो.

अल्गोबद्दल थोडक्यात: तो चालू-बंद करणारा माणूसच असतो, आणि सलग चार तोट्यांनंतर बंद करतो तोही माणूसच.

राहिली डायरी. एका अभ्यासात १०१ गुंतवणूकदारांनी २० दिवस आभासी सौदे केले आणि रोज आपल्या भावना नोंदवल्या. नुसतं ‘वाईट वाटतंय’ न म्हणता चीड, भीती, अस्वस्थता वेगवेगळी ओळखणाऱ्यांचे निर्णय सरस ठरले. मी आकड्यांशेजारी एक रकाना वाढवला: सौद्याआधी एक शब्द. माझा रोग भीती, अशी माझी खात्री होती. दोन महिन्यांनी पानं उलटली तर सगळ्यात भिकार सौद्यांपुढे भीती क्वचितच दिसली. तिथे लिहिलं होतं ‘कंटाळा’. आता तो शब्द लिहिला गेला की मी स्क्रीन बंद करतो. बहुतेक वेळा.